केदारीभाऊंचं ‘म्हणे’

‘म्हणे’ हा शब्द हल्ली माझ्या तोंडून निघत नाही. शाळेत धडा वाचून दाखवताना तो आलाच, तर मी भरकन पुढे जाते. खरं तर किती सोयीचा शब्द. वाक्याच्या शेवटी लावला की बोलणारा मोकळा. ऐकलं ते सांगितलं, खरं की खोटं ते तुमचं तुम्ही बघा. हा शब्द नीट वापरायला मला केदारीभाऊंनी शिकवलं आणि त्याची चव घालवली तीही त्यांनीच. मी त्यांच्यावर अजून चिडलेली आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्यांच्याबद्दल बोलायला लागले की माझा सूर मवाळ होतो, हे मला माहीत आहे.

लोणावळ्यात आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे आणि मी त्यांच्या डोक्यावर. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली. बायको वारली होती, मुलगा हैदराबादला होता आणि त्याचा फोन सणासुदीला यायचा. अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, चष्मा कपाळावर. कोणतीही बंद वस्तू हातात आली की आधी कानाशी धरून हलवायची, ही त्यांची सवय. बिस्किटाचा पुडा असो नाही तर लग्नाचा आहेर. शेजारच्या बारशाला त्यांनी पाळण्याजवळ उभं राहून खुळखुळा हलवला, तो बाळासाठी नव्हता, तपासणीसाठी होता, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

“पार्सलवर ‘काचसामान, सांभाळा’ असं लिहिलेलं असायचं, मास्तरीणबाई,” ते मला सांगायचे, “आणि आतून निघायच्या बिजागऱ्या. तेव्हापासून मी लेबल वाचतो, पण मानत नाही.”

सकाळी इमारतीसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांचं पेपरवाचन चालायचं. मोठ्यानं. बातमी जशी छापली असेल तशी वाचायची, पूर्णविरामापाशी जरा थांबायचं आणि मग ‘म्हणे’ लावायचं. “‘घाटातली वाहतूक सुरळीत’... म्हणे.” तेवढ्यात हायवेवरून शनिवारच्या गाड्यांचे भोंगे ऐकू येत असायचे. “‘पर्यटकांनी शिस्तीचं दर्शन घडवलं’... म्हणे.” मग नजर हळूच समोरच्या गटाराकडे. तिथे आदल्या दिवशी खाल्लेल्या मक्याच्या कणसांचा ढीग. स्वतःचं मत ते कधी द्यायचे नाहीत. चहावाला, रिक्षावाले, शाळेत निघालेली मी, आम्ही सगळे हसायचो आणि आपापल्या कामाला लागायचो. दिवसभर कोणी काही सांगितलं की मनातल्या मनात त्याला ‘म्हणे’ लागायचं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या सबबींना तर हमखास.

टीव्हीवरच्या बातम्या ते आवाज बंद करून बघायचे. मी विचारलं, तर म्हणाले, “आवाज असला की आपण शब्दांच्या मागे लागतो. बंद केला की हात दिसतात. हा बघा, हा चर्चा करतोय की भांडी विकतोय?” आणि खरंच, तो तज्ज्ञ म्हणवणारा माणूस दोन्ही हातांनी हवेत पातेलं धरल्यासारखा बसला होता. मला हसू आवरेना. ‘तज्ज्ञ’ म्हटलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, “कसले?”

पण ते नुसते टिंगलखोर नव्हते. तसे असते तर मला त्यांचं काही वाटलं नसतं. टिंगल करणारे गल्लीत पुष्कळ आहेत.

एका हिवाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, आमच्या मागच्या गल्लीत बिबट्या. आमच्याकडे डोंगर जवळ, बिबट्या येऊही शकतो, त्यामुळे संध्याकाळीच सगळ्यांची दारं बंद. भाऊंनी फोटो बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. बिबट्याच्या मागे एका दुकानाचं शटर होतं आणि त्यावरची अक्षरं कानडी होती.

“बिबट्या आपल्या गल्लीत आलाय म्हणे,” भाऊ म्हणाले. “येताना दुकान बरोबर घेऊन आलाय.”

एवढं बोलून एखादा घरात गेला असता. भाऊ जिना चढायला लागले. गुडघे दुखायचे त्यांचे, कठड्याला धरून चढायचे. प्रत्येक दार वाजवून, फोटो दाखवून, शटर दाखवून, घाबरू नका म्हणून सांगत सुटले. वरच्या मजल्यावर दोघी बहिणी राहतात, वय झालेल्या, त्या दिवा न लावता बसल्या होत्या. भाऊंनी त्यांना दिवा लावायला लावला. मी म्हटलं, भाऊ, ग्रुपवर एक ओळ टाकली असती तर झालं नसतं का? ते दम खात म्हणाले, “खोटं घरोघर फिरलंय. मग खरं काय जिन्याखाली बसून राहणार?”

हे वाक्य मी माझ्या मुलांना वर्गात सांगितलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं.

भाऊंचा स्वयंपाक इंदूमावशी करायच्या. त्या मळवलीच्या. तिथल्या एका बंगल्याची राखण नवरा-बायको मिळून करतात. मालक पुण्याचे, कधीतरी येतात. मावशी सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला यायच्या, भाऊंच्या पोळ्या-भाजी करायच्या, आणखी दोन घरं करून परत जायच्या. ठेंगण्या, ठसठशीत कुंकू, बोलणं खणखणीत. त्या आणि भाऊ म्हणजे एक जोडीच होती. मावशी बाजारातून काही आणायच्या आणि भाऊंपुढे ठेवायच्या, “ह्ये बगा जरा.” मग भाऊ पुडा हलवणार, उलटा करणार आणि मागची बारीक अक्षरं वाचणार.

एकदा पापडाचं पाकीट आणलं. त्यावर नऊवारीतली, तोंडाचं बोळकं झालेली आजी, आणि ‘आजीच्या हातचे’ असं मोठ्ठं लिहिलेलं.

“आजीचा फोटूच हाय की वो, भाऊ. लेबल मानू नका, पन म्हातारीला तरी माना!”

भाऊंनी पाकीट उलटं केलं. पत्ता औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडचा होता.

“इंदूबाई, ही आजी कारखान्यात पाळीवर जाते.”

मावशी इतक्या हसल्या की तव्यावरची पोळी करपली. मी वरून वास आला म्हणून खाली बघायला गेले, तर दोघं ओट्याशी हसत उभे. त्यानंतर मावशी भाऊंना दाखवल्याशिवाय काही घेईनात. गोरं करणारी क्रीम, वीज वाचवणारी डबी, गुडघ्याचं तेल, सगळं भाऊंच्या नजरेखालून जायचं आणि सगळं नापास व्हायचं. “भाऊंनी ‘हूं’ म्हटलं तर घ्यायचं,” मावशी म्हणायच्या, “आन् भाऊ ‘हूं’ म्हणतच न्हाईत. लय पैसं वाचलं माझं.” मळवलीत त्यांच्या बचत गटातही भाऊंचा निकाल चालायचा. भाऊ तिकडे कधी गेले नव्हते, पण बायका त्यांना नावानं ओळखत होत्या.

मग ती मंडळी आली. एक कॅमेरावाला आणि एक माइकवाली मुलगी, मोबाईलवरच्या कुठल्याशा आरोग्याच्या चॅनलची. साखरेच्या आजारावर कसलीशी भुकटी होती, कडू पाल्याची, तिच्याबद्दल ‘ज्येष्ठांची मतं’ घेत होती. मी टपरीशेजारी कोथिंबीर निवडत उभी होते. मुलीनं डबा भाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला. आम्ही सगळे पुढे काय होणार म्हणून मजेत बघायला लागलो. भाऊ कॅमेऱ्याकडे बघून, आपल्या नेहमीच्या ढंगात, सावकाश म्हणाले, “ही भुकटी घेतली की साखर उतरते... म्हणे. मग गोळ्यांची गरज राहत नाही... म्हणे.” टपरीवर हशा पिकला. मुलगीही हसली. थँक्यू काका म्हणून निघून गेली.

काही दिवसांनी व्हिडिओ आला. भाऊ छान दिसत होते. मागे सतारीसारखं काही वाजत होतं. “ही भुकटी घेतली की साखर उतरते,” भाऊ म्हणाले. डब्याचं चित्र आलं. “मग गोळ्यांची गरज राहत नाही,” भाऊ म्हणाले. पुन्हा डबा. खाली पट्टी, ‘केदारीसाहेब, रेल्वेचे निवृत्त अधिकारी’. ‘म्हणे’पूर्वी भाऊ जे थांबायचे ना, नेमका तिथे कात्रीला रस्ता मिळाला होता. त्यांच्या त्या थांबण्याची मला इतकी गंमत वाटायची.

मी तशीच खाली गेले. म्हटलं, “भाऊ, तुमची दोन्ही ‘म्हणे’ कापली की हो त्यांनी!”

“बघितलं,” भाऊ म्हणाले. फोन हातातच होता. “आवाज बरा आलाय, नाही?”

मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं, ग्रुपवर लिहा, त्या चॅनलला कळवा, लोक खरं धरतील. “लिहितो,” म्हणाले. नाही लिहिलं. मग मीच लिहिलं की हे वाक्य तोडलेलं आहे, मी तिथे हजर होते. त्यावर कोणीतरी उत्तर दिलं, “मॅडम, काका स्वतः काही बोलत नाहीत, तुम्हाला काय त्रास?” मी वाट बघितली. भाऊंनी ग्रुपवर नुसते जोडलेले हात पाठवले. सगळ्यांना नमस्कार.

दिवस बदलले ते असे. बाजारात लोक त्यांना थांबवायला लागले. चहावाल्यानं व्हिडिओ टपरीवर येणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. हैदराबादहून मुलाचा फोन रोज यायला लागला. नातवंडांना आजोबा फोनमध्ये दिसले होते. बुशशर्ट इस्त्रीचे झाले. ‘अधिकारी’ म्हणून कोणी हाक मारली तर भाऊ ‘मी क्लार्क’ असं म्हणत नव्हते. आणि सकाळचं पेपरवाचन चालूच होतं, तेच, ‘म्हणे’ लावून. मी टपरीवर थांबणं सोडलं. मला ते ऐकवेना.

इंदूमावशींना साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या, हे मला माहीत होतं. भुकटीचं माहीत नव्हतं. मी शाळेत असायची आणि त्या माझ्याकडे कामाला नव्हत्या. व्हिडिओ त्यांना त्यांच्या बचत गटाच्या ग्रुपवर मिळाला. तिथल्या बायकांना त्या अभिमानानं म्हणाल्या होत्या, ह्ये आमचे भाऊ, आजवर एका बी वस्तूला ‘हूं’ म्हटलं न्हाई ह्यांनी, आता म्हणत्यात तर त्यात काय तरी असनार. त्यांनी भुकटी मागवली आणि गोळ्या बंद केल्या.

चपलेचा पट्टा लागून पायाला फोड आला. साधा फोड. तो चिघळला, बोट काळं पडलं. तळेगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी साखर बघून विचारलं, गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या? मावशी म्हणाल्या, “आमच्या भाऊंनी.” उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

मावशींच्या नवऱ्यानं हे मला फोनवर कळवलं आणि भाऊंना मी सांगितलं. ते खुर्चीत बसले होते, चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला. मग म्हणाले, “मला घेऊन चला.”

वॉर्डात मावशी उशाला टेकून बसल्या होत्या, पायाला मोठं बँडेज. भाऊंना बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला, सवयीनं. भाऊंनी केळी पलंगावर ठेवली. तब्येतीची चौकशी झाली. मग मावशी म्हणाल्या, “भाऊ, एक इचारू?”

“विचारा ना, इंदूबाई.”

“तुमी घेत व्हता का ती भुकटी?”

“मला साखर नाही हो.”

“न्हाई, तसं न्हवं. मी तुमाला डबा दाखवलावता. ओट्यावर ठेवलावता तुमच्या म्होरं. तुमी हातात घेतला, बघितला आन् परत ठेवला. काय बोलला न्हाई.”

हे मला नवीन होतं. मी भाऊंकडे बघितलं. ते केळ्यांकडे बघत होते.

“मला वाटलं, गोळ्याही चालू असतील तुमच्या,” ते म्हणाले. “आणि त्या लोकांनी माझं बोलणं तोडलं, इंदूबाई. मी ‘म्हणे’ म्हणालो होतो. ह्या बाईंना विचारा. त्यांनी ते कापलं.”

“कापलं असंल,” मावशी म्हणाल्या. आवाज चढला नाही त्यांचा. “पन घरात तर कुनी कापत नव्हतं ना, भाऊ? मी रोज हितं उभी, तुमी तितं बसलेलं. दोन हातावर. तवा का न्हाई सांगितलं?”

भाऊंनी केळी उशाकडे सरकवली. शेजारच्या पलंगावरची बाई आमच्याकडे बघत होती. परिचारिका आली, वेळ संपली म्हणाली, आणि आम्ही निघालो.

दवाखान्याच्या पायरीवर भाऊ बसले. मला म्हणाले, “मास्तरीणबाई, लोक माझ्याकडे यायचे, काय खोटं आहे ते ऐकायचे, हसायचे आणि जायचे. इतकी वर्षं. त्या व्हिडिओनंतर पहिल्यांदा कोणी थांबून विचारलं, काका, तुम्ही कसे आहात. पोरगा रोज बोलायला लागला. मला वाटायचं, सांगू उद्या. त्यांनी डबा दाखवला तेव्हाही वाटलं, सांगू उद्या.”

ते खरं बोलत होते, हे मला कळत होतं. एकटा माणूस, मोडक्या गुडघ्यांचा. दुसऱ्या कोणाची ही गोष्ट असती तर मी पाण्याची बाटली आणून दिली असती, पाठीवर हात ठेवला असता. मी उभी राहिले. मला त्यांची कीव येत नव्हती, संताप येत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे मला फसल्यासारखं वाटत होतं. त्या माइकवाल्या मुलीनं फसवलं त्याचं काय, तिला मी ओळखतही नाही. तसले रोज दारात येतात. पण ज्या माणसानं मला पाकीट उलटं करून बघायला शिकवलं, त्यालाच मी कधी उलटं करून बघितलं नव्हतं. कानडी शटर दाखवायला जिने चढणारा माणूस आपल्या स्वयंपाकघरातल्या बाईला एक शब्द सांगायला खुर्चीतून उठला नाही. तोंड उघडलं असतं, पुरलं असतं. उठायचीही गरज नव्हती.

मी त्यांना एवढंच म्हणाले, “चला, गाडी चुकेल.”

मावशी घरी आल्यावर मी एका रविवारी मळवलीला गेले. बंगल्याच्या आवारात मागच्या बाजूला त्यांची एक खोली आहे, पुढे छोटी पडवी, पलीकडे भातखाचरं. मावशी बाजेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. दार लोटलेलं होतं. नवरा बागेत पाणी घालत होता. आम्ही चहा पीत होतो. त्या मला सांगत होत्या की लोणावळ्याची कामं आता जमायची नाहीत, गाडीत चढायला भीती वाटते, आणि बंगल्यावर पाहुणे आले की त्यांच्यासाठी इथेच पोळ्या करायला मालकिणीनं सांगितलंय. भाऊंचं नाव दोघींनीही काढलं नाही.

बाहेर फाटकाची कडी वाजली. खिडकीतून मला दिसलं. केदारीभाऊ. स्टेशनापासून चालत आले असणार, शर्ट पाठीला चिकटला होता. हातात कापडी पिशवी. नवऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, नळ बंद केला, पण जागचा हलला नाही. भाऊ पडवीच्या पायरीशी आले. दार लोटलेलं बघून थांबले, चपला काढाव्या की नाही, असे.

“इंदूबाई आहेत का घरात?” त्यांनी विचारलं.

मी मावशींकडे बघितलं. मावशींनी कप खाली ठेवला आणि आपल्या त्याच खणखणीत आवाजात, सगळ्या आवारात ऐकू जाईल असं म्हणाल्या, “न्हाईत घरात.”

बाहेर काही हालचाल झाली नाही. तो आवाज भाऊंनी वर्षानुवर्षं रोज सकाळी आपल्या ओट्याशी ऐकला होता. न ओळखणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, आता ते हसतील, काहीतरी बोलतील, दार ढकलतील.

“बरं,” भाऊ म्हणाले. “कधी येतील?”

“ते काय सांगता येत न्हाई.”

“बरं. आल्या की सांगा, केदारी येऊन गेले.”

“सांगते,” मावशी म्हणाल्या.

त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली, मग विचार बदलून पुन्हा उचलली. मावशींच्या नवऱ्याला त्यांनी नमस्कार केला. फाटक आपल्यामागे नीट लावून घेतलं आणि कडी बसली की नाही ते एकदा ओढून बघितलं. मग ते स्टेशनच्या रस्त्यानं कठड्याशिवाय, सावकाश चालत गेले.